वसईचा रुग्ण आणि परळची बैठक

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या पहांटेच्या गाड्यांना फुलांचा वास येतो. गास, भुईगांव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या वसईच्या हिरव्या पट्ट्यांतील बागाइतदार मोगरा, चाफा, सोनटक्का पाट्यांत भरून दादरच्या फुलबाजाराला नेतात. वसई रोड ते दादर हें अंतर सुमारें ४० किलोमीटरांचें. त्याच गाडींत, त्याच गांवांचीं, आणखी कांहीं माणसें असतात. त्यांच्या मांडीवर फुलांची पाटी नसते. काखेंत कागदांची एक जाड पिशवी असते. तींहि दादरलाच उतरतात, परंतु बाजाराकडे न वळतां परळच्या वाटेला लागतात. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे.

अशाच एका बागाइतदाराची कल्पना करावी. वय ५८. घरची थोडी मोगऱ्याची बाग, चार केळी, आणि वडिलांच्या वेळेपासून राखलेली पानवेल. पानवेलीचा मालक, तेव्हां पानाला तोटा नव्हता. चुना, सुपारी आणि तंबाखू यांच्यासह विडा डाव्या गालांत धरून ठेवण्याची संवय चाळीस वर्षांची. त्याच गालांत एक पांढरा डाग आला, डागाचा व्रण झाला, आणि तिखट लागेनासें झालें. दोन महिने तूप लावण्यांत गेले. पुढें तोंड पुरतें उघडेना, तेव्हां तो गांवच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनीं गालांत बोट घालून व्रणाची कड चांचपली, औषध लिहून दिलें नाहीं, परळला जाण्याची चिठ्ठी लिहून दिली. पुष्कळ वेळां डॉक्टरानें औषध न देणें हाच पहिला योग्य उपचार असतो. हा बागाइतदार कल्पित आहे; परंतु त्याच्या वाट्याला जें येतें तें या पट्ट्यांतील घराघरांच्या ओळखीचें आहे.

त्याच्या व्रणाची ओळख मुंबईच्या वैद्यकाला जुनी आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, पुढच्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळचें रुग्णालय उघडलें. आरंभीं तेथें ८० खाटा होत्या. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं मुंबईंतील मुखकर्काच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखूच्या विड्याकडे त्या काळींच बोट दाखविलें गेलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८५ सालीं तंबाखूसहित विडा कर्ककारक ठरविला. आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारीहि कर्ककारक आहे, हा निर्णय २००४ सालीं प्रसिद्ध झाला. पानवेलीच्या बागा राखणाऱ्या पट्ट्याला ही गोष्ट ऐकण्यास कडू आहे. पान निरपराधी आहे. त्याच्या सोबत्यांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

आतां, गालांतल्या एका व्रणासाठीं किती वैद्य लागावेत? जुन्या समजुतीप्रमाणें एक. ज्याच्या हातीं शस्त्र तो कापील; ज्याच्या हातीं किरण तो जाळील; ज्याच्या हातीं औषध तो शिरेंतून विष देऊन रोगाला मारील. रुग्ण ज्याच्या दारीं प्रथम गेला त्याची विद्या त्याच्या नशिबीं आली. यांत कोणाचा कावा असतो असें नाहीं. सुतारानें लांकडाचें घर सुचवावें आणि गवंड्यानें विटांचें, इतकें तें स्वाभाविक आहे. अडचण एवढीच कीं या घरांत राहणारा माणूस एकदांच राहणार असतो.

निरनिराळ्या विद्यांच्या वैद्यांनीं एका जागीं बसून एकाच रुग्णाविषयीं बोलावें, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होत गेली. अमेरिकेंत बोस्टन येथें डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं वैद्य आणि विकृतितज्ज्ञ यांच्या संयुक्त चर्चेची शिकवणी सुरू केली. रोगाचें निदान एकानें सांगावें, शवविच्छेदनांत काय सांपडलें तें दुसऱ्यानें सांगावें, आणि चूक झाली असेल तर ती सर्वांसमोर दिसावी. याच कॅबटांनीं १९०५ सालीं आपल्या रुग्णालयांत समाजसेविका नेमली. कारण घरीं दूध घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाला दूध पाजा असें लिहून देण्यांत अर्थ नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. मुंबईंत सर दोराबजी टाटांच्या नांवाची समाजकार्याची शाळा १९३६ सालीं निघाली, आणि १९४६ सालीं जे. जे. रुग्णालयांत भारतांतील पहिली वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. इंग्लंडांत १९९५ सालच्या कॅलमन-हाइन अहवालानें कर्करोगाचा उपचार अशा संयुक्त मंडळांनींच ठरवावा असा आग्रह धरला. परळला संयुक्त तपासणीची रीत आहेच. आज तेथें शरीराच्या एकेका भागाच्या रोगासाठीं निराळें मंडळ असतें. डोकें व मान यांचें एक, स्तनाचें एक, रक्ताचें एक, अशी ती वांटणी आहे.

आपला बागाइतदार अशा मंडळापुढें येतो तेव्हां काय घडतें तें पाहूं.

खोली मोठी नसते. भिंतीवर उजेडाचा पडदा असतो आणि त्यावर त्याच्या जबड्याचें चित्र. त्याला आंत बोलावून तोंड पाहतात, मान चांचपतात, दोन प्रश्न विचारतात आणि बाहेर बाकावर बसवितात. त्याची बायको तेथेंच पिशवी घेऊन बसलेली असते. दार लोटलें जातें, आणि त्या दारामागें पुढचीं कांहीं मिनिटें त्यांच्या संसाराचा विचार चालतो.

शल्यवैद्य म्हणतात, व्रण तीन सेंटिमीटरांचा, गालांतून खालच्या हिरडीकडे सरकलेला, काढतां येईल. क्ष-किरणांचे जाणकार पडद्याकडे बोट करतात. हाड पोंखरलेलें नाहीं, परंतु व्रण हाडाला चिकटला आहे. तेव्हां जबड्याची कड तासून काढावी लागेल, सबंध जबडा नव्हे. येथपर्यंत मतभेद नाहीं. मग प्रश्न येतो मानेचा. मानेंत गांठ हाताला लागत नाहीं. जी गांठ नाहीं तिच्यासाठीं मान कां उघडावी? थांबावें, गांठ आली तर पाहतां येईल. कित्येक वर्षें पुष्कळ शल्यवैद्य असेंच मानीत. या वादाचा निकाल परळलाच लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी यांनीं आरंभींच्या अवस्थेंतील मुखकर्काच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाची मान पहिल्याच शस्त्रक्रियेंत साफ केली. दुसऱ्या गटाची गांठ दिसल्यावरच. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा ८० जण जिवंत होते, दुसऱ्यांतील शेंकडा ६७.५. म्हणजे दर आठ रुग्णांमागें एक जीव. वसईहून दादरला जाणाऱ्या एका डब्यांत अशा आठ पिशव्या सहज असतील. तेव्हां मान उघडावयाची हें ठरतें.

दंतवैद्यांचा मुद्दा लहान वाटतो, पण तो वेळेचा आहे. पुढें किरण द्यावे लागले तर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा मंदावतो. त्यानंतर किडका दांत उपटला तर जखम भरत नाहीं, हाड कुजूं लागतें. म्हणून वाईट दांत आधीं काढले पाहिजेत, आणि हिरडी भरण्यास दोन आठवडे तरी दिले पाहिजेत. ही गोष्ट कोणी बोललेंच नाहीं तर ती दोन वर्षांनीं, रोग बरा झालेल्या माणसाच्या कुजलेल्या जबड्यांत दिसते; आणि तेव्हां ती कोणाची चूक होती तें सांगतां येत नाहीं. शल्यवैद्यांनीं आपलें काम नीट केलेलें असतें, किरणवैद्यांनींहि आपलें. चूक दोघांच्या मधल्या जागेंत झालेली असते.

यानंतर समाजसेविका बोलते. तिच्यासमोर पडदा नसतो, एक वही असते. बाकावर बसलेल्या बायकोशीं तिनें आधींच अर्धा तास बोलून घेतलेलें असतें. मुलगा वालीवच्या कारखान्यांत रात्रपाळीला. सून आठ महिन्यांची गरोदर. बायकोला घरची सामवेदी बोली आणि चर्चमधली मराठी येते. इंग्रजी चिठ्ठी वाचतां येत नाहीं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करावयाचे आहेत, त्यांत नांवाचें एक अक्षर निराळें पडलें आहे. शस्त्रक्रिया मेअखेर झाली, तर किरण जुलैंत सुरू होतील. किरण म्हणजे आठवड्याचे पांच दिवस, सहा आठवडे, तीस बैठका. मग ती विचारते, "पावसांत गाडी बंद पडली तर?"

खोलींत क्षणभर कोणी बोलत नाहीं. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखालीं गेले आणि वसई-विरारची वाहतूक बंद पडली, हें मुंबईंत सर्वांना ठाऊक आहे. परंतु तें हवामानाच्या बातमींत ठाऊक आहे, उपचाराच्या कागदांत नव्हे. किरणोपचाराचे वैद्य तेव्हां एक आंकडा सांगतात. डोकें व मान यांच्या कर्करोगांत किरणांचा एकेक दिवस लांबला कीं रोग आटोक्यांत राहण्याची शक्यता सुमारें एका टक्क्यानें घटते. रोगाच्या पेशी सुट्टी घेत नाहींत; खाडा पडला कीं त्या वाढून घेतात. म्हणजे नालासोपाऱ्याचें पाणी हा औषधाचाच भाग झाला. ठरतें असें कीं किरणांच्या सहा आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार या माणसानें मुंबईंतच राहावें. परळ-दादर भागांत अशा रुग्णांसाठीं धर्मशाळा आहेत. गाडगेबाबांच्या नांवाची दादरला आहे, नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवासदन परळला आहे. शल्यवैद्यांच्या सुरीइतकाच निकडीचा हा निर्णय आहे, आणि तो वैद्यकीची पदवी नसलेल्या बाईच्या एका प्रश्नानें झाला.

शस्त्रक्रियेनंतर तेंच मंडळ पुन्हां बसतें. या वेळीं मुख्य वक्ते विकृतितज्ज्ञ. त्यांनीं रुग्णाला कधीं पाहिलेलें नसतें. त्याच्या गालाचा तुकडा मात्र त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तासभर पाहिलेला असतो. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे व्रण पुरता निघाला. परंतु मानेंतून काढलेल्या ग्रंथींपैकीं दोहोंत रोग आहे, आणि एकीचें कवच फोडून तो बाहेर आला आहे. हाताला न लागलेली गांठ ती हीच. कवच फुटलें, तर नुसते किरण पुरत नाहींत. सोबत सिस्प्लॅटिन द्यावें अशी रीत आहे. येथें औषधोपचारांचे वैद्य हात वर करतात. माणूस मधुमेही, मूत्रपिंडें अर्धवट दमलेलीं. सिस्प्लॅटिन त्यांना सोसणार नाहीं. पूर्वीं अशा माणसाला नुसत्या किरणांवर सोडून देत. आतां त्याला डोसिटॅक्सेल देतां येतें, आणि तें उपयोगी पडतें हें दाखविणारी पाहणीहि परळच्याच वैद्यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केली. आहारतज्ज्ञ वजन वाचून दाखवितात: चार किलो उतरलें आहे, किरणांनीं तोंड सोलवटण्याआधींच नाकांतून नळी घालावी. व्यायाम शिकविणारी बाई म्हणते, जबडा रोज उघडला पाहिजे, नाहीं तर तो मिटून बसेल.

सारें कागदावर उतरतें. बैठक पुढच्या रुग्णाकडे वळते.

अशा बैठकींचें कौतुक पुष्कळ होतें. दोष मात्र हळू आवाजांत सांगतात. पहिला दोष वेळेचा. ब्रिटनमधील कर्करोगसंस्थेनें २०१७ सालीं अशा बैठकींची पाहणी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक रुग्णांच्या वाट्याला दोन मिनिटांहूनहि कमी वेळ आलेला आढळला. ही गत रुग्ण थोडे व साधनें पुष्कळ असलेल्या देशाची. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांपुढें रांग किती असते तें दारांत उभें राहिल्यावर कळतें. दोन मिनिटांत जबड्याचें चित्र पाहून होतें. गाडीची, सुनेची आणि नांवांतल्या चुकलेल्या अक्षराची गोष्ट त्यांत मावत नाहीं. दुसरा दोष मानाचा. ज्याची खुर्ची मोठी त्याचें मत आधीं येतें. तें आल्यावर परिचारिका आणि समाजसेविका वही मिटतात. विरुद्ध मत ऐकण्यासाठींच जमलेलें मंडळ मग एकाच मताला सही देणारें मंडळ होतें. यावर कांहीं ठिकाणीं एक साधी तोड काढली आहे. वयानें व हुद्द्यानें लहान त्यानें आधीं बोलावें. शाळेंतहि धीट मुलांना शेवटीं विचारावें लागतें, नाहीं तर वर्गाला काय येतें तें कळत नाहीं.

याहून मोठा दोष बैठकीच्या आंत नसून तिच्या बाहेर आहे. बैठक परळला होते. रुग्ण वसईला राहतो. तो कागद वसईला पोंचतो तेव्हां काय होतें?

आपला बागाइतदार किरणांच्या तिसऱ्या आठवड्यांत शनिवार-रविवारसाठीं घरीं आला. नवें नातवंड पाहावयाचें होतें, आणि सुटीच्या दिवशीं किरण नसतात. रविवारीं रात्रीं खोकल्याची उबळ आली आणि नाकांतली नळी निम्मी बाहेर आली. बायकोनें पिशवी ओतली. त्यांत चाळीस-पन्नास कागद. ज्यावर नळीविषयीं लिहिलें होतें त्यावर इंग्रजी आद्याक्षरें होतीं. मुलगा कामावर, सून बाळंतीण. नळी पुन्हां आंत ढकलावी कीं ओढून काढावी, हें सांगणारें कोणी नव्हतें. जवळच्या एका दवाखान्यांत नेलें, तेथें उत्तर मिळालें कीं जेथें घातली तेथेंच जा. त्यांचेंहि सर्वस्वीं चुकलें असें म्हणतां येत नाहीं. परक्यानें शिवलेल्या गळ्याजवळ कोणी हात घालावा? बायकोनें नळी काढली आणि चमच्यानें पेज पाजली. त्याला ठसका लागला. सोमवारीं पहांटेपासून पाऊस कोसळत होता. गाड्या बंद झाल्या. मंगळवारीं दुपारीं तीं दोघें दादरला उतरलीं तेव्हां दोन बैठका चुकल्या होत्या, अंगांत ताप होता, आणि ज्या धर्मशाळेची योजना पावसासाठीं म्हणून इतकी विचारानें केली होती ती रिकामी राहिली होती.

परळला दोन चुकलेल्या बैठकी भरून काढण्याचा मार्ग असतो. एखाद्या दिवशीं सहा तासांच्या अंतरानें दोनदां किरण देतात, किंवा शनिवारींहि बोलावितात. तो मार्ग काढला गेला. ताप उतरला, नळी नवी बसली. परंतु त्या आठवड्याच्या बैठकींत एका परिचारिकेनें विचारलें, "घरीं गेल्यावर यांचें कोण?" कागदावर चौदा सह्या होत्या. त्यांतला एकहि माणूस वसईचा नव्हता.

क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत हा प्रश्न फार आधींपासून निराळ्या रीतीनें सोडविलेला आहे. तेथें प्रत्येक रुग्णामागें त्याच्याच वस्तींतलें एक माणूस नेमलेलें असतें. तें आशा कार्यकर्ती असो, शिक्षक असो, किंवा बरा झालेला जुना रुग्ण असो. गोळी घेतली कीं नाहीं हें त्यानें पाहावयाचें. रुग्णाचें नांव निक्षय नांवाच्या नोंदणींत असतें. पोषणासाठीं एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठीं तज्ज्ञांची समिति बसते, तेथें वाद होतात, औषधें बदलतात. परंतु समिति उठली तरी गल्लींतलें तें एक माणूस उठत नाहीं. त्या कार्यक्रमांत उणीवा पुष्कळ असतील. तरी हें एक त्यानें ओळखलें आहे. कर्करोगाच्या बैठकींत विद्या अधिक, साधनें अधिक. गल्लींतलें माणूस मात्र बहुधा नसतें.

परिचारिकेच्या प्रश्नावर मंडळानें वसईच्या त्या पहिल्या डॉक्टरांना, ज्यांनीं नुसती चिठ्ठी लिहिली होती, दूरध्वनि केला. तीन महिन्यांत परळहून त्यांना आलेला तो पहिला शब्द. आपल्या रुग्णाची मान उघडली हें त्यांना रुग्णाच्या मुलाकडून बाजारांत कळलें होतें. ते रागावले नाहींत, त्यांनीं विचारलें, "मला काय करावें लागेल तेवढें सांगा."

हल्लीं असें माणूस बैठकींत आणणें पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानें २०१२ सालीं देशांतील कर्करोग-रुग्णालयांचें एक जाळें, राष्ट्रीय कर्करोग ग्रिड, उभें राहिलें. त्यांत आज ३०० हून अधिक संस्था आहेत, आणि दूरदृश्य पडद्यावरून ठिकठिकाणचे वैद्य एकाच रुग्णाची चर्चा करतात. जी सोय मोठ्या रुग्णालयांना मिळते ती गांवच्या एका डॉक्टरालाहि पांच मिनिटें मिळावी, एवढीच ही मागणी. वसईंत तर माणसांचाहि तोटा नाहीं. सर डी. एम. पेटिट यांच्या नांवाचें पालिकेचें रुग्णालय गांवांत आहे, बंगलीला कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, आणि या पट्ट्यांत ज्या घरीं एखादी लेक किंवा सून परिचारिका आहे अशीं घरें शोधावीं लागत नाहींत.

तेव्हां पुढच्या शनिवारीं दुसरी एक बैठक झाली. ती परळला नव्हे, बागाइतदाराच्या ओट्यावर. पडदा नव्हता. गांवचे डॉक्टर होते, शेजारची निवृत्त परिचारिका होती, आशा कार्यकर्ती होती. मुलानें त्या दिवशीं रजा घेतली होती. बायको या वेळीं दाराबाहेर नव्हती; ती मध्यें बसली होती, कारण रोज नळींतून भरवणारी तीच. बागाइतदाराला बोलतां येत नव्हतें. तो पाटीवर लिहून विचारीत होता. त्यानें पहिला प्रश्न असा लिहिला कीं मोगऱ्याच्या छाटणीला किती दिवसांत उभें राहतां येईल. परळच्या दोन बैठकींत हा प्रश्न कोणाच्या कागदावर आला नव्हता. डॉक्टरांनीं तो परळला कळविण्यासाठीं वहींत उतरून घेतला. खांद्याची शीर मान साफ करतांना ताणली गेलेली असते, हात वर जाण्यास व्यायाम लागतो, आणि छाटणीचा माणूस आहे हें कळल्याशिवाय तो व्यायाम कोणी सुचवीत नाहीं.

मग एक कागद मराठींत लिहिला. नळी निम्मी बाहेर आली तर आंत ढकलूं नये, भरवणें थांबवावें, परिचारिकेला हांक मारावी. ती नसेल तर डॉक्टर, रात्रीं कितीहि वाजले तरी. भरवतांना डोकें उंच, आणि भरवल्यावर अर्धा तास निजवूं नये. ताप आला तर सकाळची वाट पाहूं नये. पावसाचा इशारा असेल तर रविवारीं दुपारींच गाडी पकडावी. धर्मशाळेंत तसें सांगून ठेवलें आहे. जबड्याचा व्यायाम दिवसांतून पांच वेळां, मोजणार मुलगा. प्रत्येक ओळीपुढें एकेक नांव होतें. बायकोला तो दोनदां वाचून दाखविला. तिसऱ्या खेपेस तिनें तो पाठ म्हणून दाखविला, आणि एके ठिकाणीं परिचारिकेलाच दुरुस्त केलें. कागदाची एक प्रत डॉक्टरांनीं परळला धाडली, एक देव्हाऱ्याजवळ खिळ्याला टांगली.

सोमवारीं पहांटे मुलगा रात्रपाळीहून थेट वसई रोड स्टेशनावर आला आणि त्यानें वडिलांना गाडींत बसवून दिलें. डब्यांत पाट्या होत्या. शेजारच्या फुलवाल्यानें सरकून जागा केली, त्याची मान पाहिली, कांहीं विचारलें नाहीं. अठरावी बैठक त्या दिवशीं वेळेवर झाली.